जुन्या छापील पानांवर इमेजमॅजिकचे फिल्टर: डाग जावेत, अनुस्वार राहावेत, कसं जमवायचं?

बांधीव_अंक

मंडळी, नमस्कार.

आमच्या वाचनालयात १९३०-४० च्या दशकांतल्या मासिकांचे बांधीव खंड आहेत. कागद पिवळा पडलाय, कडा तपकिरी झाल्यात, काही पानांवर मागची छपाई पुढे दिसते. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) स्कॅन करून टेसरॅक्ट या प्रोग्रॅमकडून मराठी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर) करून घ्यायचं चाललंय. पानं इतकी आहेत की एकेक उघडून माऊसने साफ करत बसणं शक्य नाही, म्हणून इमेजमॅजिक (टंकलेल्या आज्ञांनी चित्रं बदलणारा प्रोग्रॅम) आणि कमांड लाइन.

अडचण अशी. ५ बाय ५ चा मीडियन फिल्टर लावला की कागदावरची काळी कुसळं जातात, पण त्यांच्याबरोबर अनुस्वारही जातात. 'कांहीं'चं 'काही', 'केलें'चं 'केले'. वाचता येतं, पण मजकूर त्या काळचा राहत नाही. मीडियन काढून ती नेहमीची शार्पनची चौकट (मध्ये ५, चार बाजूंना -१) लावली तर अक्षरं खणखणीत होतात, पण कागदाचा रवाही तितकाच खणखणीत होतो आणि ओसीआर त्यातून भलतेच पूर्णविराम शोधून काढतं. शिवणीकडचा भाग काळोखा येतो तो वेगळाच. तिथे थ्रेशोल्ड (ठरावीक छटेच्या वर पांढरं, खाली काळं) केलं की अर्धी ओळ काळ्या पट्ट्यात जाते.

फिल्टर कुठला, आकडे किती आणि कशाच्या आधी काय? जाणकारांनी जरा विस्ताराने सांगावं.

टर्मिनलभाऊ

चांगला विषय. आधी एक सूचना: इथे सगळं देवनागरीत लिहायचं असल्याने कमांडही देवनागरीतच देतोय. टर्मिनलमध्ये रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे टंकायचे. '३एक्स३' मधला एक्स म्हणजे इंग्रजी लहान एक्स.

तुमची शार्पनची चौकट ज्या क्रियेने लागते ती, कन्व्होल्यूशन, म्हणजे काय ते आकड्यांतच बघू. एक पिक्सेल आणि त्याचे शेजारी घ्यायचे, प्रत्येकाला चौकटीतल्या त्याच्या आकड्याने गुणायचं, सगळ्याची बेरीज नव्या चित्रात त्या जागी ठेवायची. मग चौकट एक घर पुढे. तुमच्या शार्पनची चौकट इमेजमॅजिकमध्ये अशी देतात:

मॅजिक पान.पीएनजी -मॉर्फॉलॉजी कन्व्हॉल्व्ह '३एक्स३: ०,-१,० -१,५,-१ ०,-१,०' तीक्ष्ण.पीएनजी

समजा कागदाची छटा २३० आणि शाईची ६० (० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं). सपाट कागदावर ५ × २३० वजा ४ × २३०, म्हणजे २३०च. काही बदललं नाही. उभ्या दांड्याला लागून असलेला कागदाचा पिक्सेल घ्या: ११५० वजा (२३० + २३० + २३० + ६०) = ४००. कमाल २५५, म्हणजे पांढराशुभ्र. त्याच्या शेजारचा शाईचा पिक्सेल: ३०० वजा (६० + ६० + ६० + २३०) = -११०, म्हणजे ठार काळा. कड उठून दिसते ती यामुळे.

आता कागदाचा रवा. २३० च्या कागदात एक पिक्सेल २२० चा आहे, डोळ्याला दिसतही नाही. ५ × २२० वजा ९२० = १८०. दहाचा फरक पन्नासाचा झाला. चौकटीला शाई आणि रवा यांत भेद करता येत नाही, तिला फक्त शेजाऱ्यांतला फरक कळतो. म्हणून जुन्या कागदावर ही चौकट थेट लावूच नये.

मीडियनची गोष्ट निराळी. ते कन्व्होल्यूशनच नव्हे. त्यात गुणाकार-बेरीज नाही, शेजाऱ्यांना चढत्या क्रमाने लावून मधला उचलायचा. त्यामुळे बहुमत ज्याचं तो जिंकतो. ५ बाय ५ मध्ये २५ पिक्सेल, बहुमताला १३ लागतात. तुमचा अनुस्वार किती पिक्सेलचा आहे ते मोजलंय का? ३०० डीपीआयला १ मिलिमीटर म्हणजे जेमतेम १२ पिक्सेल. बिंदू ०.४ मिलिमीटरचा धरला तर व्यास पाच पिक्सेलही भरत नाही, क्षेत्रफळ साधारण १७. झिजलेला किंवा फिकट उठलेला असेल तर १२ च्या खाली येतो, आणि मग त्याच्या अगदी मध्यावरही कागदाचंच बहुमत होतं. पुसलाच तो.

थोडक्यात, चौकटीतले आकडे नंतर बघू. आधी एक पान चांगलं मोठं करून सगळ्यात लहान अनुस्वार मोजा. त्याच्यापेक्षा मोठं काहीही फिरवायचं असेल तर ते अक्षरांवर नाही, पार्श्वभूमीवर फिरवायचं.

खिळेजुळारी

टर्मिनलभाऊ, मोजण्याचा मुद्दा पटला. छापखान्याच्या बाजूने थोडी भर घालतो, आयुष्य खिळे जुळवण्यात गेलंय.

बऱ्याच छापखान्यांत अनुस्वार-मात्रांचे खिळे वेगळे असायचे आणि हे बारीक खिळे आधी झिजायचे. त्यामुळे एकाच पानावर एक बिंदू ठसठशीत तर दुसरा नुसता पुसट ठिपका, असं सर्रास दिसेल. मोजायचा तर पुसटच मोजा. शिवाय रफार आणि अनुस्वार एकत्र आले ('सर्वांनीं' बघा) की दोघांमध्ये कागदाची केसभर फट उरते. धूसर करणारा कुठलाही फिल्टर आधी ती फट खातो. एकारान्ताची मात्रा आणि बिंदू यांचंही तेच.

आणि हे अनुस्वार थोडेथोडके नाहीत. १९६२ चे लेखनाचे नियम येण्याआधीच्या मजकुरात 'नांव', 'कांहीं', 'आम्हीं', 'पाहिलें' असे उच्चारात नसलेले अनुस्वार ओळीओळीला आहेत. बांधीवताई म्हणतात ते खरं आहे, ते गेले तर पुस्तक नव्याने छापल्यासारखं होईल.

वाचनमात्र

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

खिडकीवाली

मी कमांड जशीच्या तशी देवनागरीत चिकटवली. संगणक म्हणतो असली आज्ञा त्याने ऐकलेली नाही. :) रोमनमध्ये टंकल्यावर चालली.

पण मी विंडोजवर आहे. जुन्या लेखांत सगळीकडे 'कन्व्हर्ट' लिहिलेलं असतं, ते माझ्याकडे डिस्कबद्दल काहीतरी बोलतं. आणि कंसांपुढे उलटी तिरकी रेघ द्यायची की नाही?

टर्मिनलभाऊ

विंडोजचा स्वतःचा 'कन्व्हर्ट' आहे. तो डिस्कची फाइल-मांडणी फॅटमधून एनटीएफएसमध्ये बदलतो, चित्रांशी त्याचा संबंध नाही. त्याच्या वाटेला जाऊ नका. २०१६ मध्ये इमेजमॅजिक ७ आलं तेव्हापासून मुख्य आज्ञा 'मॅजिक' आहे, तीच वापरा.

विंडोजच्या साध्या कमांड खिडकीत कंस नुसते लिहायचे, लिनक्स-मॅकवर त्यांच्यापुढे उलटी रेघ. एकेरी अवतरणांच्या जागी दुहेरी. बॅच फाइलमध्ये टक्क्याचं चिन्ह दोनदा लिहायचं, नाहीतर ते गायब होतं. लिनक्सवाल्यांनी उद्गारचिन्ह मात्र एकेरी अवतरणांतच ठेवावं, दुहेरीत ठेवलं तर बॅश (तिथला आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) कधीकधी ते मागच्या आज्ञांची आठवण समजून बसतं.

डार्करूम

शार्पनबद्दल. थेट चौकटीपेक्षा अनशार्प मास्क घ्या. नाव उलटं वाटतं, पण ते आमच्या अंधाऱ्या खोलीतलं आहे. निगेटिव्हची मुद्दाम धूसर पॉझिटिव्ह प्रत काढायची, ती मूळ निगेटिव्हला जोडून प्रिंट काढायची, की कडा उठतात. संगणक तेच करतो: मूळ वजा धूसर, तो फरक काही पटीने मूळात मिसळायचा. फायदा असा की त्याला उंबरठा देता येतो.

-अनशार्प ०एक्स१+०.८+०.१

शेवटचा ०.१ म्हणजे उंबरठा. त्याहून लहान फरक असेल तर हातच लावायचा नाही. वर टर्मिनलभाऊंनी दहाचा फरक असलेला रवा सांगितला तो यात जागच्या जागी राहतो, शाई आणि कागदातला फरक मात्र शंभराच्या वर असल्याने पुढे जातो.

पण खरं सांगू? ओसीआरसाठी तीक्ष्णता फार कामाची नसते. माणसाच्या डोळ्याला आवडते म्हणून आपण ती चढवत राहतो.

टर्मिनलभाऊ

डार्करूम यांच्याशी सहमत, शेवटच्या वाक्यासकट.

आता शिवणीचा काळोख. इथे मोठ्या चौकटीचा ब्लर खरा कामाला येतो. पानाची इतकी धूसर प्रत करायची की अक्षरं विरघळून फक्त कागदाची छटा उरेल, आणि मूळ पानाला त्या प्रतीने भागायचं. जिथे कागद काळोखा तिथे भाजकही काळोखा, म्हणून भागाकार सगळीकडे एकच्या आसपास येतो. शाई तेवढी खाली राहते.

मॅजिक पान.टिफ -कलरस्पेस ग्रे \( +क्लोन -ब्लर ०एक्स२० \) -कंपोज डिव्हाइड_एसआरसी -कंपोझिट साफ.पीएनजी

शिवणीचा पट्टा आणि तपकिरी कडा दोन्ही जातात. मागची छपाई फिकट असते, ती पांढऱ्याच्या जवळ सरकते, आणि नंतर -थ्रेशोल्ड ६५% दिलं की बहुतेक गळून पडते. आकडा पानागणिक थोडा हलवावा लागेल.

ब्लरचा २० हा सिग्मा, म्हणजे धूसरपणाचा पसारा. तो अक्षराच्या रेघेच्या जाडीपेक्षा कितीतरी मोठा हवा. मासिकाच्या शीर्षकातली जाडजूड अक्षरं आतून पोकळ झालेली दिसली तर समजा की सिग्मा अपुरा आहे. अक्षराच्या पोटात धूसर प्रतही काळीच राहते, काळ्याला काळ्याने भागलं की पांढरं. अशा पानांना ५०-६० द्या.

सिग्मावर्ग

दोन तांत्रिक पुरवण्या.

एक: ब्लर आणि गाउसियन-ब्लर असे दोन पर्याय दिसतील. चित्र जवळपास सारखंच येतं, वेळ नाही. गाउसची चौकट (मध्ये जड, कडेला हलकी होत जाणारी) एक आडवी पट्टी आणि एक उभी पट्टी यांत फोडता येते. सिग्मा २० ला दोन्ही बाजूंना तीन-तीन सिग्मा धरले तर चौकट १२१ बाय १२१, म्हणजे प्रत्येक पिक्सेलमागे १४,६४१ गुणाकार. पट्ट्यांनी केलं तर २४२. साध्या -ब्लरमध्ये हेच होतं. ए-५ आकाराच्या पानात ३०० डीपीआयला सुमारे ४३ लाख पिक्सेल आहेत, गुणून बघा.

दोन: बेरीज. चौकटीतल्या आकड्यांची बेरीज १ असेल तर उजेड जैसे थे राहतो. शार्पनची ५ वजा ४ म्हणजे १. पण सगळीकडे १ असलेली ३ बाय ३ ची सरासरीची चौकट दिली तर बेरीज ९, पान नऊपट उजळून कोरं पांढरं होईल. तेव्हा आधी -डिफाइन कन्व्हॉल्व्ह:स्केल='!' द्या, बेरजेने भागण्याचं काम इमेजमॅजिक करतं.

अवांतर: खऱ्या कन्व्होल्यूशनमध्ये चौकट १८० अंशांत फिरवून लावतात. न फिरवता लावली तर ते कोरिलेशन. वरच्या सगळ्या चौकटी फिरवल्या तरी तशाच राहतात म्हणून कुणाला फरक जाणवला नाही. हल्लीच्या न्यूरल नेटवर्कवाल्यांचं 'कन्व्होल्यूशन'ही बहुतेक वेळा कोरिलेशनच असतं, पण तो वाद इथे नको.

आडवातिडवा

सिग्मावर्ग, फिरवण्यावरूनच विचारतो. पानांतल्या चौकटी आणि रेघा शोधायला मी सोबेल (कडा शोधणारी चौकट) लावला. रेघेची एकच बाजू उजळते, दुसरी काळ्यात बुडते. असं का?

सिग्मावर्ग

सोबेलच्या उभ्या स्तंभांत १, २, १, मग शून्यं, मग -१, -२, -१ असतात (१९६८ चं, स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेतलं काम). बेरीज शून्य. उजेड-काळोखाचा बदल एका दिशेने असेल तर उत्तर धन, उलट दिशेने असेल तर ऋण. पीएनजीत ऋण आकडा साठवता येत नाही, तो शून्य होतो. इमेजमॅजिक ७ आतल्या आत ऋण आकडे सांभाळतं, पण फाइल लिहिताना कात्री लागतेच.

उपाय: शून्याला करड्यावर बसवा.

-डिफाइन कन्व्हॉल्व्ह:स्केल='५०%!' -डिफाइन कन्व्हॉल्व्ह:बायस=५०% -मॉर्फॉलॉजी कन्व्हॉल्व्ह सोबेल

करड्याहून उजळ ती एका बाजूची कड, गडद ती दुसऱ्या. पान तिरकं आहे म्हणून रेघा शोधत असाल तर मात्र एवढा खटाटोप नको, -डेस्क्यू ४०% द्या. शिरोरेषेमुळे देवनागरीच्या ओळी आडव्या पट्ट्यांसारख्या ठळक असतात, ते त्याच्या पथ्यावर पडतं.

दूरदर्शी

थोडं वेगळं. काही पानं स्कॅन करताना हलली आहेत किंवा खंड जाड असल्याने काचेपासून उचलली गेली आहेत. धूसर झालेलं शार्पनने परत मिळेल का?

सिग्मावर्ग

शार्पन कडा फुगवतं, गेलेला तपशील आणत नाही. उलटं जायचं तर धूसरपणा नेमका कुठल्या चौकटीने झाला ते ठाऊक हवं. हबल दुर्बीण १९९० मध्ये वर गेली तेव्हा तिच्या आरशाची कड सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासली गेली होती. १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी दुरुस्ती करेपर्यंत खगोलशास्त्रज्ञ डीकन्व्होल्यूशनवर (कन्व्होल्यूशन उलटवण्यावर) बरंच भागवत होते, रिचर्डसन (१९७२) आणि लूसी (१९७४) यांच्या पद्धतीने. तिथे एकटा तारा हा बिंदूच असल्याने तो कसा पसरतो हे चित्रातच मोजता येत होतं. तुमच्या पानावर उचललेल्या भागात धूसरपणा दर इंचाला बदलतो. ते पान पुन्हा स्कॅन करा, दहा मिनिटांत सुटाल.

बांधीव_अंक

सगळ्यांचे आभार. मोजलं. पुसट अनुस्वार खरंच तीन ते चार पिक्सेल व्यासाचे निघाले, खिळेजुळारीकाका म्हणाले तसे. भागाकाराने शिवणीचा पट्टा साफ गेला, बघून वाचनालयातले सगळे खूश.

कुसळं मात्र उरली. मीडियन ३ बाय ३ करून चालेल का?

टर्मिनलभाऊ

३ बाय ३ मध्ये बहुमत पाचाचं. चार पिक्सेलचा ठिपका नक्की जातो, तीन व्यासाचा वाचतो पण कोपरे झडून बारीक होतो. मी तुमच्या जागी असतो तर उरलेले खंड ६०० डीपीआयला करड्या छटांत स्कॅन केले असते, टिफ किंवा पीएनजीत. जेपीईजी नको, त्याच्या ८ बाय ८ च्या चौकड्या अक्षरांभोवती जाळं धरतात आणि प्रत्येक फिल्टर ते जाळं वाढवतो. ६०० ला तोच ०.४ मिलिमीटरचा बिंदू नऊ पिक्सेल व्यासाचा, सुमारे ७० पिक्सेलचा होतो. मग ३ बाय ३ मीडियनने त्याला धक्का लागत नाही. भागाकारातला सिग्माही दुप्पट करायला विसरू नका, ती चौकट पिक्सेलमध्ये मोजली जाते, मिलिमीटरमध्ये नाही.

जी पानं ३०० ला झालीत त्यांना मीडियनऐवजी क्षेत्रफळाने चाळणी लावा. थ्रेशोल्ड केल्यावर:

-डिफाइन कनेक्टेड-कंपोनंट्स:एरिया-थ्रेशोल्ड=५ -डिफाइन कनेक्टेड-कंपोनंट्स:मीन-कलर=ट्रू -कनेक्टेड-कंपोनंट्स ८

पाच पिक्सेलपेक्षा लहान बेट असेल तर ते आजूबाजूत विलीन होतं. तीन व्यासाचा अनुस्वार सात-नऊ पिक्सेलचा असतो, तो वाचतो. बाकी अक्षरांच्या कडांना ही पद्धत स्पर्शही करत नाही, मीडियन करतं. एक पथ्य: हीच मर्यादा पांढऱ्या बेटांनाही लागू होते. मर्यादा वाढवत नेली तर 'ष', 'ब' यांची पोटं बुजायला लागतील.

आणि मोग्रिफाय (अनेक फाइली एकदम बदलणारी इमेजमॅजिकचीच आज्ञा) वापरणार असाल तर -पाथ देऊन वेगळ्या फोल्डरमध्ये लिहा. ते मूळ फाइलवरच लिहितं, विचारत नाही.

खिळेजुळारी

चाळणीतून सुटलेल्या कुसळांपैकी जी शिरोरेषेच्या वर पडलीत ती ओसीआर अनुस्वार म्हणून वाचेल. ती कुठल्याच यंत्राला कळायची नाहीत. मुद्रितशोधनाला माणूस बसवावाच लागेल. मला पानं पाठवा, दुपारचा रिकामा असतो.

बांधीव_अंक

काका, नक्की! व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

शेवटचं एक. त्या मासिकांत फोटो आहेत, ठिपक्यांच्या जाळीतून छापलेले. स्कॅन लहान केला की त्यावर लाटा-लाटा दिसतात.

डार्करूम

ती जाळी आणि पिक्सेलची जाळी एकमेकींवर पडली की लाटा उठतात. लहान करण्याआधी ठिपके विरघळवा. खरखरीत कागदावरच्या छपाईत इंचाला ६५ ते ८५ ठिपक्यांची जाळी असायची. ६०० डीपीआयला ६५ ची जाळी म्हणजे दोन ठिपक्यांत नऊ पिक्सेलचं अंतर. सिग्मा त्याच्या निम्मा, साडेचार. जाळी बारीक असेल तर त्या हिशेबाने कमी. मग निम्म्याने लहान करा आणि सगळ्यात शेवटी हलका अनशार्प:

मॅजिक फोटो.टिफ -ब्लर ०एक्स४.५ -रिसाइझ ५०% -अनशार्प ०एक्स१.५+०.७+०.०२ फोटो.पीएनजी

हे फक्त फोटोवर. आधी -क्रॉपने तो पानातून वेगळा काढा. फोटोखालची ओळ क्रॉपमध्ये येऊ देऊ नका, साडेचारच्या सिग्मात तिचे अनुस्वार टिकणार नाहीत.